कृष्णवर्णीय समलिंगी पुरुषांमधील नैराश्य आणि आधार (अमेरिका)

अमेरिकेतील आफ्रिकी वंशाच्या समलिंगी पुरुषांना येणारे नैराश्य आणि त्यावर त्यांनी शोधलेले, बरेचदा स्वतःच उभे केलेले आधार यांची ही नोंद आहे. आजार वेगळा नाही. झोप उडणे, भूक मरणे, कशातच मन न रमणे, स्वतःचा तिटकारा वाटणे, मरणाचे विचार येणे अशी लक्षणे दोन आठवडे ठाण मांडून बसली, तर डॉक्टर त्याला नैराश्य म्हणतात. रुग्ण कोणत्याही रंगाचा असो. वेगळा आहे तो प्रश्न : हे सांगायला जायचे कोणाकडे?

समलिंगी असण्याने नैराश्य येत नाही. सतत सावध राहून जगावे लागल्याने येते. संशोधक इलान मायर यांनी २००३ मध्ये सविस्तर मांडलेली ‘अल्पसंख्याक ताणा’ची कल्पना हेच सांगते. इथे तो ताण दुहेरी आहे. ‘आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना’ ही आपली म्हण या पुरुषांना नेमकी लागू पडते. घरी आणि वस्तीत पुरुषाने कणखर असावे ही अपेक्षा, आणि गोऱ्या समलिंगींच्या जगात रंगाचा अडसर. सत्तर-ऐंशीच्या दशकांत समलिंगींच्या अनेक बारच्या दारावर गोऱ्यांना सरळ आत सोडत आणि काळ्यांकडे दोन-दोन, तीन-तीन ओळखपत्रे मागत. पुढे डेटिंग ॲप आले, तर तिथेही ‘काळे नकोत’ असे उघड लिहिलेले दिसू लागले.

काळ्या समाजात सगळेच विरोधात होते असे मात्र नाही. आपल्याकडच्या दलित पँथरने १९७२ मध्ये ज्यांच्यावरून नाव घेतले, त्या ब्लॅक पँथरचे नेते ह्यूई न्यूटन यांनी १९७० मध्येच समलिंगींच्या मुक्तिलढ्याच्या बाजूने जाहीर भूमिका घेतली होती.

खरी गुंतागुंत आहे ती चर्चची. काळ्या अमेरिकनांसाठी चर्च हे दुःख हलके करण्याचे सर्वांत जुने ठिकाण. तिथल्या गायकवृंदात समलिंगी पुरुष पिढ्यान्‌पिढ्या गात आले, वाद्ये वाजवत आले, आणि त्याच व्यासपीठावरून आपल्याच विरुद्धचे प्रवचन ऐकत आले. सोडले तर आधार जातो, राहिले तर रोजचा अपमान. लॉस एंजेलिसमध्ये गायक कार्ल बीन यांनी ऐंशीच्या दशकात युनिटी फेलोशिप चर्च स्थापले ते यातून वाट काढण्यासाठी. भजनाचा बाज तोच, फक्त कोणाला पापी ठरवायचे नाही.

डॉक्टरकडे न जाण्यालाही इतिहास आहे. १८५१ मध्ये सॅम्युअल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने गुलामांच्या पळून जाण्यालाच मनोविकार ठरवले होते. टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सरकारी आरोग्यखात्याने सिफिलिस झालेल्या ३९९ काळ्या पुरुषांना उपचाराविना ठेवून निरीक्षण केले. समलैंगिकता तर १९७३ पर्यंत अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत आजार म्हणूनच होती. (ती वगळण्यात मोठा वाटा असलेले रॉबर्ट स्पिट्झर हेच पुढे नैराश्य मोजण्याच्या नऊ प्रश्नांच्या पीएचक्यू-९ चाचणीच्या कर्त्यांपैकी एक. आज दवाखान्यात हातात मिळतो तो कागद बहुधा तोच.) भरीला काळ्या पुरुषांच्या नैराश्याला स्किझोफ्रेनिया ठरवण्याची चूक वारंवार होत आली. पुरुषांचे नैराश्य पुष्कळदा रडण्यातून नव्हे, तर चिडचिड, दारू किंवा कामाला जुंपून घेणे यांतून बाहेर पडते. तेव्हा ते ‘रागीट माणूस’ या शिक्क्याखाली सहज झाकले जाते.

एड्सच्या साथीने एकटेपणाला मृत्यूची जोड दिली. १९८६ मध्ये न्यूयॉर्कला पाद्री चार्ल्स एंजेल यांनी ‘गे मेन ऑफ आफ्रिकन डिसेंट’ ही संघटना सुरू केली. पुरुषांनी एकत्र बसून बोलायचे, एवढेच तिचे सुरुवातीचे औषध. त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या जोसेफ बीम यांनी काळ्या समलिंगी लेखकांचे संकलन काढले. पुढचे संकलन हाती असतानाच १९८८ मध्ये ते गेले. ते काम त्यांची आई डोरोथी आणि कवी एसेक्स हेम्पहिल यांनी १९९१ मध्ये तडीस नेले. मुलाच्या या जगात पाऊल टाकणारी आई तेव्हा विरळाच. १९९२ मध्ये कवी डोनाल्ड वुड्स यांच्या अंत्यविधीत त्यांचे समलिंगी असणे आणि एड्स या दोन्ही गोष्टी गाळल्या गेल्या, तेव्हा हैतीत जन्मलेले कवी असोटो सेंट भर सभेत उठून उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही मोठ्याने सांगितल्या. शोकही चोरून करावा लागला की तो मनात कुजतो, हे तिथे बसलेल्यांना वेगळे सांगायला नको होते.

एचआयव्हीचे सावट आजही आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१६ मध्ये अंदाज मांडला होता, की तेव्हाचाच संसर्गदर कायम राहिला, तर तिथल्या दर दोन काळ्या समलिंगी पुरुषांपैकी एकाला आयुष्यात हा संसर्ग होईल. नैराश्यात एचआयव्हीच्या गोळ्या चुकतात, गोळ्या चुकल्या की तब्येत ढासळते, आणि मन आणखी खचते.

आधाराचा सर्वांत टिकाऊ प्रकार मात्र ना चर्चमधला, ना दवाखान्यातला. न्यूयॉर्कच्या बॉलरूम परंपरेतील (म्हणजे समलिंगी आणि ट्रान्स लोकांच्या वेशभूषा-नृत्याच्या स्पर्धांच्या परंपरेतील) ‘हाउस’ म्हणजे घरातून हाकललेल्या मुलांनी जोडलेले कुटुंब. ड्रॅग (स्त्रीवेशातील) कलाकार क्रिस्टल लाबेजा यांच्या नावाचे घराणे सत्तरच्या दशकापासूनचे. घराण्याला एक ‘मदर’ असते, कधी ‘फादर’ही. झगमगत्या स्पर्धेचे कौतुक बाहेर फार झाले. पण कोण जेवले, कोण कुठे झोपले, कोण चार दिवस दिसला नाही, याची चौकशी करणे हेही मदरचेच काम.

आता काळ्या पुरुषांशी मनाच्या आरोग्याविषयी बोलायला सलूनवाल्यांना शिकवण्याचे उपक्रमही अमेरिकेत चालतात. कल्पना चांगली, पण सलूनची खुर्ची समलिंगी माणसाला नेहमीच मोकळी वाटते असे नाही. तिथले विनोद त्याच्यावरच असू शकतात. २०२२ पासून ९८८ हा राष्ट्रीय मदतक्रमांक आहे. त्यावर ३ दाबले की समलिंगी आणि ट्रान्स तरुणांसाठी खास प्रशिक्षित समुपदेशक मिळत. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने ती सोय बंद केली. मूळ क्रमांक चालू आहे.