दुकानातली एक्स्पायरी वेगळी आणि घरातली वेगळी

सोसायटीच्या ग्रुपवर दर दोन महिन्यांनी कुणीतरी लिहितंच, केमिस्ट एक्स्पायरी झालेला माल कंपनीला परत पाठवतो ना, मग आपल्या घरातल्या जुन्या गोळ्या घेतल्या तर त्याचं काय जातं? अहो, बरंच जातं. दोन्हीकडच्या गोळ्यांची तारीख उलटलेली असते आणि दोन्ही शेवटी भट्टीत जाळायला हव्यात, पण साम्य तेवढंच.

दुकानातलं बहुतेकांना माहितीये. माल वेगळ्या खोक्यात जातो, स्टॉकिस्ट म्हणजे केमिस्टला माल पुरवणारा ठोक विक्रेता तो नेतो, क्रेडिट नोट येते, झालं.

गोची आहे ती पैशाची. क्रेडिट नोट म्हणजे दुकानात पडून राहिलेल्या, न विकलेल्या मालाचे पैसे परत, त्याला बॅच नंबर लागतो, माल कुठल्या बिलावर आला ते लागतं. आता माझ्या आईचा डबा बघा. दहाच्या स्ट्रिपमधल्या उरलेल्या तीन गोळ्या, त्यात तारखेचा कोपरा नेमका कात्रीने कापून गेलेला, आणि खाली खोकल्याच्या औषधाची अर्धी चिकट बाटली. त्याचे पैसे आपण कधीच देऊन बसलोय, कंपनीच्या हिशोबात तो माल विकला गेला आणि विषय संपला. केमिस्टने तो घेतला तर स्टॉकिस्ट हात लावणार नाही आणि जाळायचा खर्च केमिस्टच्याच गळ्यात. त्याला आडमुठा म्हणतात ते मला अजिबात पटत नाही.

म्हणून घरातल्या औषधांना स्वतंत्र योजना लागते आणि तिचे पैसे कोण भरणार हे आधी ठरवावं लागतं. ऑस्ट्रेलियात केंद्र सरकार भरतं, लोक कुठल्याही औषधाच्या दुकानात फुकट देऊन येतात. फ्रान्समध्ये १९९३ पासून सिक्लामेद नावाची अशीच योजना आहे, तिथे खर्च औषध कंपन्यांचा. कॅलिफोर्नियातल्या अलामीडा काउंटीने २०१२ मध्ये कंपन्यांनीच खर्च करायचा असा नियम केला, कंपन्या कोर्टात गेल्या, २०१५ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने केस ऐकायलाच नकार दिला आणि नियम टिकला. मला हेच बरोबर वाटतं, ज्याने विकून कमावलं त्यानेच विल्हेवाटीचे पैसे भरावेत.

आपल्याकडे २०१६ च्या घनकचरा नियमांनी एक्स्पायर्ड औषधं घरगुती घातक कचऱ्यात घातली आणि गोळा करायची केंद्रं उघडायचं काम पालिकांवर टाकलं, औषध कंपनीवर त्यात काहीच नव्हतं. केरळने २०२५ मध्ये कोझिकोडला एन-प्राउड नावाने घरातली औषधं गोळा करायला सुरुवात केली, तसं इथेही व्हायला हवं.

आणि कुणी 'औषध संकलन पेटी' ठेवायला आलं की कृपया विचारा, भरल्यावर ही कोण नेणार आणि जाळायचं बिल कुणाच्या नावावर? आमच्याकडे हे कुणीच विचारलं नाही, तीन महिन्यांत पेटी काठोकाठ भरली, कुणी न्यायला आलं नाही आणि शेवटी वॉचमनने ती कचऱ्याच्या गाडीत रिकामी केली.