काउबॉयच्या घरात नव्हतं ते ‘काउबॉय’ घर

ओंडक्यांच्या भिंती, वर एल्क या मोठ्या हरणाच्या शिंगांचं झुंबर, जमिनीवर नावाहो या तिथल्या मूळ जमातीचा लाल-काळा गालिचा, कोपऱ्यात जुनं खोगीर. अमेरिकेतल्या ‘रस्टिक वेस्टर्न’ सजावटीचं घर पाहिलं की वाटतं, जुन्या काळी तिकडचे गुराखी असेच राहत असतील. खरं तर तसं कुणी राहत नव्हतं.

१८६२च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर जमीन मिळते म्हणून मैदानी प्रदेशात गेलेल्या कुटुंबांना ओंडक्यांपुरती झाडंच सापडली नाहीत. नेब्रास्का, कॅन्ससमध्ये त्यांनी गवताच्या मुळांनी घट्ट झालेली माती नांगराने पट्ट्यांत कापली आणि तिचेच ठोकळे रचून घरं उभी केली. पावसात छत गळायचं, भिंतीतून साप निघायचे. आतून वर्तमानपत्रं चिकटवून भिंती जरा उजळ करायच्या, एवढीच सजावट. रेल्वे पोचली, माँटगोमेरी वॉर्डसारख्या दुकानांची टपालाने माल पाठवणारी सूचिपत्रं आली, तेव्हा या घरांनी मागवलं ते लेसचे पडदे आणि कारखान्यातलं गुळगुळीत फर्निचर. खडबडीतपणाची हौस कुणाला असणार? तो तर रोजचाच होता.

हौस होती पूर्वेकडच्या श्रीमंतांना. न्यूयॉर्क राज्यातल्या ॲडिरॉन्डॅक डोंगरांत विल्यम वेस्ट ड्युरंट यांनी १८७०च्या दशकाच्या अखेरीस कॅम्प पाइन नॉट हा जंगलातला सुट्टीचा वाडा बांधायला घेतला: सालीसकट ओंडके, वाकड्या फांद्यांचे कठडे, आणि आत सगळी चैन. हीच कल्पना पुढे पश्चिमेला गेली. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात रॉबर्ट रीमर या तरुण वास्तुविशारदाने आखलेलं ओल्ड फेथफुल इन हे हॉटेल १९०४ मध्ये उघडलं. आत उंचच उंच ओंडक्यांचं दालन, पण पाहुण्यांच्या दिमतीला विजेचे दिवे.

तोवर खरा गुराख्यांचा काळ सरला होता. ग्लिडन या शेतकऱ्याने १८७४ मध्ये काटेरी तारेचं पेटंट घेतलं आणि त्या तारेने मोकळी कुरणं बंद केली. १८८६-८७च्या हिवाळ्यात गुरांचे कळपच्या कळप गोठून मेले. मग रँचच्या, म्हणजे गुरं पाळायच्या मोठ्या कुरणांच्या, काही मालकांनी पैसे घेऊन पाहुणे ठेवायला सुरुवात केली. शहरी छानछोकी माणसाला तिकडे ‘ड्यूड’ म्हणत, म्हणून या झाल्या ‘ड्यूड रँच’. पाहुण्याला जी पश्चिम बघायची होती, ती खोलीत मांडून ठेवणं आलंच.

ती मांडणी पक्की केली थॉमस मोल्सवर्थ यांनी. शिकागोत कला शिकलेल्या या माणसाने १९३१ मध्ये, ऐन मंदीत, वायोमिंग राज्यातल्या कोडी गावी शोशोनी फर्निचर कंपनी काढली. झाडाच्या खोडाला येणाऱ्या ज्या गाठी सुतार टाकून देतो, त्याच त्यांनी खुर्च्यांच्या पायांना आणि हातांना वापरल्या. त्यावर रंगीत चामडं, पितळी खिळ्यांच्या ओळी, न्यू मेक्सिकोतल्या चिमायो गावच्या विणकरांचं कापड. वृत्तपत्रमालक मोझेस ॲनेनबर्ग यांच्या वायोमिंगमधल्या रँच ‘ए’चं फर्निचर त्यांनीच केलं. ‘अस्सल वेस्टर्न’ म्हणून आज जे विकलं जातं, त्यातलं बरंचसं या एका कारखान्याची नक्कल आहे.

नावाहो गालिच्याची गोष्ट मला जास्त बोचते. नावाहो बायका विणायच्या ती अंगावर पांघरायची वस्त्रं. १८६४ मध्ये लष्कराने त्यांना शेकडो मैल चालवत नेऊन छावणीत डांबलं; १८६८ मध्ये परत सोडलं, तेव्हा त्यांचे मेंढ्यांचे कळप उद्ध्वस्त झालेले होते. पुढे ॲरिझोनातल्या गनाडोला लोरेन्झो हबेल यांच्यासारखे व्यापारी आले. गिऱ्हाइकाला जमिनीवर अंथरायला काही हवं होतं, म्हणून वीण जाड झाली. हबेल यांनी तर आवडत्या नक्षीची छोटी चित्रं काढून घेतली आणि दुकानाच्या भिंतीवर टांगली, विणकरणींनी पाहून विणावं म्हणून. खांद्यावरचं वस्त्र असं पायाखाली आलं.

शिंगांचं मात्र बरं आहे. त्यासाठी कुणाला मारावं लागत नाही. एल्कचा नर दरवर्षी शिंगं गाळतो. वायोमिंगच्या जॅक्सन गावाजवळच्या अभयारण्यात बालवीर ती वेचतात आणि मे महिन्यात गावात लिलाव होतो. पैशाचा मोठा वाटा अभयारण्यालाच जातो. काही शिंगं झुंबरवाले नेतात, काही कुत्र्यांना चघळायला जातात.