एजंटाने घर बघून येणं वेगळं, घर दाखवणं वेगळं

"ओ, आम्ही बघणारच हाय की घर, तुम्ही आधी जाऊन काय करणार?" घर घ्यायला निघालेल्या पार्टीकडून हे ऐकायची आता सवय झाली आहे. विकणाऱ्याची तक्रार बरोबर उलटी: "पार्टी नाही आणली, मग नुसतं तुम्ही कशाला आला?" दोघांनीही एजंटाचं काम म्हणजे कुलूप उघडून घर दाखवणं एवढंच धरलेलं असतं. बेळगावात टिळकवाडीत तेच, कंग्राळीत तेच, खानापूर-निपाणीलाही तेच. मग चांगला एजंट आळशी ठरतो आणि नुसता फिरवणारा कष्टाळू. मी याच धंद्यात आहे, तेव्हा मी माझ्या बाजूने बोलतोय असं खुशाल म्हणा, पण हा घोळ एकदा निस्तरायला हवा.

घर दाखवणं म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. रविवार सकाळ, दोन गाड्या, आई-वडील, मेहुणा, वास्तू कळणारे एक काका. मालकीणबाई चहा टाकतात. एजंट पुढं होऊन "हा हॉल, हे किचन" असं सांगत फिरतो, जसा काही गॅसचा कट्टा बघून किचन ओळखता आलंच नसतं. वीस मिनिटांत सगळे बाहेर, खरी चर्चा गाडीत.

बघून येण्यात पार्टी नसते. एजंट एकटा जातो, बहुतेक वेळा आडवारी, आणि चहा घेत नाही (घेऊ नये, चहा घेतला की मोरीत डोकावायला जड जातं). वेळ जास्त लागतो, फोटो काढलेच तर मीटरचे आणि ओलीचे काढतो. हे फरक किरकोळ आहेत. लोकांचा घोळ इथं होत नाही.

घोळ होतो तो पुढं. दाखवण्यातून काहीतरी हाती लागतं: पार्टीने घर पाहिलं, आवडलं किंवा नाही आवडलं. बघून येण्यातून बहुतेक वेळा हाती लागतो तो नकार. एजंट दहा घरं बघून येतो आणि त्यातली सात तुमच्यापर्यंत पोचतच नाहीत. ती सात घरं तुम्हाला कधी दिसत नाहीत, त्यामुळे त्यांवर घातलेला वेळही दिसत नाही. तुम्हाला दिसतो तीनच घरं दाखवणारा माणूस. पलीकडे दुसरा एक एजंट दोन रविवारांत बारा घरं फिरवून आणतो. घरी आल्यावर वहिनी म्हणतात, "ह्यो बरा, धावपळ तरी करतोय." धावपळ तुमची झाली. पेट्रोल तुमचं, रविवार तुमचे, आणि बारापैकी नऊ घरं त्यानेही तुमच्याबरोबरच पहिल्यांदा पाहिली. एजंटांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो आला, याने पुढं ढकलला, मालकाला फोन लावला, झाली साईट व्हिजिट. कमिशन मात्र दोघांचं सारखंच, एक-दोन टक्के.

घर बघून घरी परतताना जे प्रश्न सुचतात, ते सगळे आधी विचारून झालेले असणं, हे त्या एकट्याने मारलेल्या फेरीचं काम. शहापूर-वडगाव-खासबाग भागातलं उदाहरण घेतो, कारण तिथं हे फार ठळक होतं. हा विणकरांचा भाग, घरोघरी यंत्रमाग. एक दुमजली घर, आरसीसी, नवा रंग, रस्त्याला गाडी लागते, भावही वाजवी. रविवारी जाऊन पाहिलं तर शांत, छान. मधल्या दिवशी दुपारी गेलं की कळतं: शेजारच्या घरात चार माग आहेत आणि मधली भिंत सामाईक. मागच्या खोलीत उभं राहून भिंतीला तळहात लावला तर थरथर हाताला लागते. खिडकीच्या काचा बारीक वाजतात. मालक यात काही लपवत नसतो, त्याचा जन्म त्या आवाजात गेला, त्याला तो ऐकूच येत नाही. माग बंद असताना तुम्ही शंभर वेळा घर पाहिलं तरी हे कळणार नाही, आणि माग चालू असताना पार्टी आणायचं धाडस बारा घरं फिरवणारा करणार नाही.

आता यातली खरी मेख. हे घर वाईट आहे का? ज्याचे स्वतःचे माग आहेत, त्याला हे घर सोन्यासारखं. रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्या उद्यमबागेतल्या कामगाराला मात्र फुकट दिलं तरी नको. म्हणजे "मी ते घर बघितलंय" हे एजंटाचं वाक्य अर्धंच आहे. कुणासाठी बघितलं? विक्रीला घ्यायला गेला तेव्हा बघितलं असेल, तर मालकाच्या नजरेने बघितलं: फोटो कुठून चांगला येईल, किंमत किती ठेवायची. ते घर ठाऊक असणं झालं. तुमच्या वडिलांचे गुडघे, तुमची मोठी गाडी, तुमची बारावीतली मुलगी डोक्यात ठेवून परत एकदा गेला तरच ते तुमच्यासाठी बघून येणं. आपल्याकडं एकच एजंट दोन्ही बाजूंनी कमिशन घेतो, तेव्हा हा प्रश्न विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही.

पाण्याचंही असंच. शहराला पाणी राकसकोप आणि हिडकलचं, पण सगळ्या भागांना सारखं येत नाही. 2008 च्या सुमारास चोवीस तास पाण्याची योजना आधी निवडक वॉर्डांत आली आणि बाकीचे भाग वर्षानुवर्षं पाण्याचा वार मोजत बसले. दाखवायच्या दिवशी संप (जमिनीखालची पाण्याची टाकी) भरलेला असतो, नळ सोडून दाखवतात, धो धो पाणी. ते नळाचं की टँकरचं, हे संपाला विचारून कळत नाही. समोरच्या किराणावाल्याला विचारून कळतं, तेही तुमचं आठ जणांचं शिष्टमंडळ मागं उभं नसताना. तोच किराणावाला ऑगस्ट 2019 च्या पावसात बळ्ळारी नाल्याचं पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं तेही बोटाने दाखवतो. भर पावसाळ्यात बघून आलेलं घर मी उन्हाळ्यात बघितलेल्या घरापेक्षा दुप्पट विश्वासाने पुढं करतो. एप्रिलमध्ये खालच्या दोन फुटांनाच नवा रंग दिसला की मी जूनची वाट बघतो. पार्टीला घाई असेल तर सरळ सांगतो, हे घर माझ्या यादीत नाही.

टिळकवाडीत रेल्वे गेटच्या अलीकडे की पलीकडे, गेट पडल्यावर शाळेची रिक्षा किती थांबते, गल्लीत गाडी वळते की उलटी काढावी लागते, जिना आतून की बाहेरून, ड्रेनेज जोडलंय की सेप्टिक टँकच आहे, हेस्कॉमचं (वीज कंपनीचं) मीटर मालकाच्याच नावावर आहे का: हे सगळं अर्ध्या तासाचं काम, त्यावर निबंध नको.

व्हिडिओ कॉल हे तिसरंच प्रकरण. पोरगा बेंगळुरात किंवा आखातात, त्याला फोनवर घर फिरवून दाखवलं की तो म्हणतो, एजंट बघून आला. नाही. ते दाखवणंच, फक्त लांबून. अमेरिकेत 17 ऑगस्ट 2024 पासून पार्टीला घर दाखवायच्या आधी तिच्याशी लेखी करार करण्याचा नियम एजंटांना लागू झाला, आणि लाइव्ह व्हिडिओवरून घर फिरवणंही त्यात दाखवण्यातच मोजतात. तिथं एजंटांनी नव्याने बाजारात आलेली घरं आपापसात आधी फिरून बघायची पद्धत जुनी आहे, सगळ्यांना दिसणारी घरांची सामाईक यादीही आहे. आपल्याकडं तशी यादी नाही, ग्रुप आहेत. एकच घर चार ग्रुपवर चार किमतींना फिरतं. म्हणून आपल्याकडं कुणीतरी प्रत्यक्ष जाऊन आलेलं असण्याची गरज त्यांच्यापेक्षा जास्त आहे, आणि रिवाज कमी. फोनचा कॅमेरा मुळात खोली मोठी दाखवतो. वास, आवाज आणि ओल तर दाखवतच नाही.

उलट्या बाजूचाही एक गैरसमज आहे आणि तो महागात पडतो. एजंट बघून आला म्हणजे घर तपासलं असं काही जण धरतात आणि थेट इसार देऊन मोकळे होतात. बघून येणं म्हणजे कागद बघणं नव्हे, इंजिनिअरची तपासणी तर नव्हेच. स्लॅबमधली सळी गंजली का हे मला नुसत्या डोळ्यांनी कळत नाही, फुगलेलं प्लास्टर दिसतं तेवढं सांगतो. घर महापालिका हद्दीत की ग्रामपंचायतीत, पंचायतीत असेल तर ई-स्वत्तूचे (पंचायतीतल्या मिळकतींच्या ऑनलाइन नोंदीचे) फॉर्म 9 आणि 11 आहेत का, जागा बिनशेती झाली आहे की नुसते गुंठे पाडून विकलेत, कावेरी या नोंदणी खात्याच्या वेबसाइटवरून काढलेल्या ईसीत (बोजाच्या दाखल्यात) कर्जाचा बोजा दिसतो का, हे वकिलाने बघायचं. आपल्या बऱ्याच मराठी मंडळींना उतारा कन्नडात असल्याने वाचता येत नाही, मग ते एजंटालाच "बघून सांगा" म्हणतात. मी वाचून सांगतो, पण पुढं हेही सांगतो की वकिलाला दाखवा. शिनोळीकडं गेलं की महाराष्ट्र लागतो, तिथं सातबारा आणि कायदा दोन्ही वेगळे, तिथं वकीलही तिकडचाच धरा. नव्या बांधकाम प्रकल्पांसाठीच्या 2016 च्या रेरा कायद्याने नोंदणीकृत प्रकल्पातलं घर किंवा प्लॉट विकणाऱ्या एजंटाला नोंदणी सक्तीची केली आणि खोटी माहिती द्यायला बंदी घातली. घर आधी जाऊन बघायची सक्ती मात्र त्यानेही केलेली नाही. वडगावातल्या जुन्या घराच्या फेरविक्रीला तर तो लागूच होत नाही.

विकणाऱ्यांसाठी थोडं. एजंट एकटा आला म्हणून तोंड वाकडं करू नका. नंतर जे पंधरा लोक चपला काढून तुमच्या किचनमध्ये शिरणार, त्यातले दहा तो कमी करायला आलाय. पोरांची परीक्षा, आजारी माणूस, सोवळंओवळं, ज्याच्या त्याच्या घरात काहीतरी असतंच. शिवाय मोरीचा गळका नळ दोनशे रुपयांत दुरुस्त करा हे पार्टीच्या आधी सांगणारा तोच. पुढच्या गल्लीतलं घर काय भावाने गेलं हेही तोच तोंडावर सांगतो. काँग्रेस रोडचा भाव मागच्या बोळाला लावून बसलेला मालक त्या दिवशी रागावतो, पण त्याचं घर सहा महिने ग्रुपवर लोळत पडत नाही.

एजंट बघून आलाय की नुसता फोटो पुढं ढकलतोय, हे फोनवरच कळतं. संपाचं झाकण कुठं आहे ते विचारा. गच्चीवरून मागं काय दिसतं ते विचारा. आणि त्या घरात वाईट काय आहे ते विचारा. गेलेला माणूस एक तरी खोट पटकन सांगतो, बेडरूम अंधारी आहे, जिना अरुंद आहे, काहीतरी. न गेलेला म्हणतो, "लोकेशन एकदम टॉप हाय सर, एकदा बघून तर घ्या." हे वाक्य मला अजिबात खपत नाही.

त्याहून चांगलं म्हणजे नाकारलेल्या घरांची यादी मागा. कुठलं घर, काय भाव होता, का सोडलं, प्रत्येकी एक ओळ. व्हॉट्सअॅपवर चालेल. ती वाचून तुम्हाला वाटलं की यातलं एखादं त्याने उगीच सोडलं, जिना बाहेरून असला तरी आम्हाला चालतो, तर तेही सांगा. आम्हाला तुमच्या घरचं सगळं कुठून माहीत असणार? पार्टी सुरुवातीला "तीन बेडरूम, पूर्व दरवाजा, बजेट एवढं" इतकंच सांगते, आजीला वरचा मजला चढवत नाही हे चौथ्या घरात कळतं. ते पहिल्याच फोनवर सांगितलंत तर मधली तीन घरं मी एकटाच बघून येईन.