तूर : वनस्पतिविज्ञान आणि वाणसुधारणा

तूर (शास्त्रीय नाव : कॅजॅनस कजान) हे शिंबावंत कुलातील, मुख्यतः कोरडवाहू जमिनीत घेतले जाणारे कडधान्य पीक आहे. शेतात ती एका हंगामापुरती पेरली जाते, पण निसर्गतः ती काही वर्षे जगणारे आणि खोडाने लाकडी होत जाणारे झुडूप आहे. हे पीक समजून घेताना सुरुवात याच वस्तुस्थितीपासून करावी लागते. पाण्याचा ताण सोसण्याची तिची ताकद, सुरुवातीची संथ वाढ, लांबत जाणारा फुलोरा आणि वाणसुधारणेतील बहुतेक अडचणी या सर्वांचे मूळ तिच्या झुडूपपणात आहे. जगातील तुरीच्या उत्पादनाचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग भारतात होतो. त्याखेरीज म्यानमार, मलावी, टांझानिया, केनिया, मोझांबिक या देशांत हे पीक महत्त्वाचे आहे.

कॅजॅनस वंशात सुमारे 32 जाती असून त्यांपैकी लागवडीखाली फक्त तूर आली. तिची द्विगुणित गुणसूत्रसंख्या 22 आहे. कार्ल लिनीअस यांनी 1753 मध्ये तिला सायटिसस कजान असे नाव दिले होते. आजचे नाव पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ मिल्सपॉ यांच्यामुळे रूढ झाले. तिच्या रानटी नातलग जाती दीर्घकाळ ॲटिलोसिया या वेगळ्या वंशात घातल्या जात. त्यांच्या बियांच्या नाभीवर मांसल उंचवटा असतो आणि लागवडीच्या तुरीत तो सहसा नसतो, या एका लक्षणावर मुख्यतः हा भेद उभा होता. वनस्पतिशास्त्रज्ञ व्हान डर मेसेन यांनी 1986 मध्ये प्रसिद्ध केलेल्या सविस्तर अभ्यासात हे दोन्ही वंश एकत्र केले. पैदासकारांच्या अनुभवाशी हे एकत्रीकरण जुळणारेच होते, कारण यांतील अनेक जातींचा तुरीशी संकर होतो आणि संततीला बीजही धरते. तुरीची सर्वांत जवळची रानटी जात कॅजॅनस कॅजॅनिफोलियस ही ओडिशा, बस्तर आणि लगतच्या पूर्व घाटात आढळते. त्यामुळे तूर माणसाळवली गेली ती भारतीय द्वीपकल्पाच्या पूर्व भागात, हे मत आज सर्वसाधारणपणे मान्य आहे. ओडिशातील गोपाळपूर आणि कर्नाटकातील संगनकल्लू येथील नवाश्मयुगीन स्थळांवर तिचे जळके दाणे सापडले असून ते इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकातील आहेत. भारतातून ती पूर्व आफ्रिकेत आणि पुढे गुलामांच्या व्यापाराच्या काळात कॅरिबियन बेटांवर पोहोचली.

तुरीचे झाड 1 ते 4 मीटर उंच वाढते. अंकुरणाच्या वेळी बीजदले जमिनीतच राहतात. पहिली दोन पाने साधी व समोरासमोर असतात. त्यानंतरची पाने त्रिपर्णी, भाल्याच्या आकाराच्या पर्णिकांची, मऊ लवदार आणि खालच्या बाजूस बारीक पिवळसर ग्रंथी असलेली असतात. फुले बहुधा पिवळी असून काही वाणांत ध्वजपाकळीच्या पाठीवर लाल किंवा जांभळ्या रेषा असतात. शेंगेत साधारणपणे 3 ते 6 दाणे भरतात. दाण्याचा रंग पांढरा, तांबडा, तपकिरी, करडा ते काळा असा वाणागणिक बदलतो. पहिले सहा ते आठ आठवडे झाड जमिनीवर फारसे वाढलेले दिसत नाही. शेजारचे सोयाबीन किंवा ज्वारी भराभर वर जाते आणि तूर मागे पडल्यासारखी वाटते. या काळात तिचे सोटमूळ मात्र खोल जात असते. आंतरपीक म्हणून तुरीची उपयुक्तता याच वेळापत्रकावर अवलंबून आहे, कारण सोबतचे पीक निघेपर्यंत ती त्याच्याशी स्पर्धा करत नाही आणि ते निघाल्यावर मोकळ्या झालेल्या जागेत, खोलवरच्या ओलीवर, ती फांद्या फोडते.

अवर्षण सोसण्यामागे कोणताही एकच गुण नाही. सोटमूळ अनुकूल जमिनीत दोन मीटरपर्यंत उतरते, त्यामुळे पाऊस संपल्यावर वरचा थर कोरडा पडला तरी खालची ओल हाती राहते. ताण वाढू लागला की पानांच्या पेशी विद्राव्य पदार्थ साठवून आपला ताठरपणा टिकवतात. या परासरणीय समायोजनामुळे, इतर अनेक पिकांची पाने ज्या अवस्थेत कोमेजून पडतात, त्या अवस्थेतही तुरीची पाने प्रकाशसंश्लेषण चालू ठेवू शकतात. भर दुपारी पर्णिका सूर्यकिरणांना समांतर वळतात आणि तापण्यापासून वाचतात. ताण तीव्र झाला तर झाड जुनी पाने आणि फुलोरा गाळून टाकते, खोडातील साठ्यावर तग धरते आणि पाऊस येताच पुन्हा फुलते. शेंगा तोडून झाडे उभी ठेवली, तर ओल असलेल्या जमिनीत त्यांच्यावर खोडव्याचा दुसरा बहार येतो, तोही याच क्षमतेमुळे. हंगामी वनस्पतीचे आयुष्य एका बहरात संपते. तूर मात्र पुढच्या वर्षाची तजवीज ठेवून वागते, आणि त्याचीच दुसरी बाजू अशी की अन्नद्रव्यांचा मोठा वाटा दाण्यांऐवजी खोडाकडे जातो. तुराट्यांचा ढीग मोठा आणि दाण्यांची रास लहान, हे शेतकऱ्याच्या नित्य परिचयाचे चित्र त्यातूनच तयार होते.

तुरीच्या मुळांबाबत आणखी एक गोष्ट मुद्दाम नोंदवण्यासारखी आहे. लाल जमिनीत स्फुरद लोहाशी बांधलेला असतो आणि बहुतेक पिकांना तो घेता येत नाही. तुरीच्या मुळांतून स्रवणारे पिसिडिक आम्ल लोहाला धरून ठेवते व स्फुरद मोकळा करते, असे 1990 मध्ये इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेत काम करणाऱ्या जपानी संशोधकांनी दाखवून दिले. मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात, शिवाय गळालेल्या पानांचा थर जमिनीत मिसळतो, त्यामुळे पुढच्या पिकालाही लाभ होतो. एवढी काटक असलेली ही वनस्पती साचलेल्या पाण्यापुढे मात्र लवकर हार मानते. पाणथळ जागी रोपावस्थेतच तिची मुळे गुदमरतात आणि फायटोफ्थोरा करपा पसरतो. म्हणूनच भारी काळ्या जमिनीत सरी-वरंब्यावर किंवा रुंद वरंब्यावर लागवड करण्याची शिफारस केली जाते.

फुलाची रचना स्वपरागणाला अनुकूल आहे. दहा पुंकेसरांपैकी नऊ जुळलेले आणि एक सुटा असतो, आणि कळी उमलण्याच्या आदल्या दिवशीच परागकोश फुटतात. तरीही मधमाश्या आणि पानकापू माश्या फुलांवर सतत येत असल्याने परपरागण बऱ्याच प्रमाणात होते; त्याचे प्रमाण ठिकाणानुसार फार बदलते, मात्र सर्वसाधारणपणे ते 20 ते 25 टक्के धरले जाते. कडधान्यांत ही बाब विरळ आहे आणि तुरीच्या वाणसुधारणेचा इतिहास तिने घडवला आहे. शुद्ध वाण शेजारच्या शेतातील परागांमुळे काही वर्षांत भेसळतो, रोगप्रतिकारक्षमता पातळ होते आणि शेतकऱ्याने घरचे बी वापरले तर ही घसरण त्याच्या लक्षातही उशिरा येते. म्हणून पैदास क्षेत्रावर निवडलेली झाडे मलमलीच्या पिशव्यांनी किंवा जाळीने झाकावी लागतात. फुलांपैकी बहुतांश, काही वेळा 80 ते 90 टक्के, शेंग न धरताच गळतात. त्यामुळे हाताने केलेल्या संकरांतूनही बी थोडेच मिळते.

तूर ही अल्पदिन वनस्पती आहे. दिवस लहान होऊ लागले की तिला फुलोरा येतो. जूनमध्ये पेरलेले झाड उंच वाढते आणि तेच बी सप्टेंबरमध्ये पेरले तर झाड लहान राहून लवकर फुलते. पारंपरिक वाण 160 ते 280 दिवस घेतात. हा काळ कमी करणे हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मुख्य उद्दिष्ट होते आणि त्यातून सुमारे 120 दिवसांत तयार होणारे, दिनमानाला कमी संवेदनशील असे वाण निघाले. आयसीपीएल 87 अर्थात 'प्रगती' हा 1986 मध्ये प्रसारित झालेला, एकसमयी फुलणारा ठेंगणा वाण या प्रयत्नांचेच फळ होय. लवकर येणारा वाण हंगामाच्या शेवटच्या अवर्षणातून निसटतो, हा त्याचा फायदा निर्विवाद आहे. पण मुळांना खोल जायला जो वेळ लागतो तोच यात कापला जातो, आणि फुलोऱ्याच्या काळात मधेच पावसाने ओढ दिली तर बुटक्या, एकसमयी वाणाचे नुकसान जास्त होते, कारण पुन्हा फुलण्याची त्याची क्षमता मर्यादित असते. अवर्षणातून निसटणे आणि अवर्षण सोसणे हे दोन निराळे गुण आहेत. त्यांची गल्लत केल्याने काही वाणांबाबत वाजवीपेक्षा जास्त अपेक्षा धरल्या गेल्या. मध्यम कालावधीचे वाण या दोहोंमधला मार्ग शोधतात. जालना जिल्ह्यातील बदनापूरच्या संशोधन केंद्राने विकसित केलेला, सुमारे 150 ते 155 दिवसांत तयार होणारा बीडीएन 711 हा पांढऱ्या दाण्याचा वाण याचे चांगले उदाहरण आहे.

मर आणि वांझ हे तुरीचे दोन मोठे रोग. मर रोगाची बुरशी फ्युजॅरियम उडम जमिनीत आणि जुन्या धसकटांत काही वर्षे टिकते. झाड फुलोऱ्यात किंवा शेंगा धरताना अचानक वाळते आणि खोड उभे चिरले तर आत काळपट रेषा दिसतात. वांझ रोगात पाने बारीक व फिकट होतात आणि झाडाला फुले येत नाहीत. हा रोग 1931 मध्ये बिहारमधील पुसा येथून नोंदवला गेला. तो अतिसूक्ष्म कोळ्यामार्फत पसरतो हे पुढे कळले, तरी त्याचे विषाणुजन्य कारण निश्चित व्हायला जवळजवळ सत्तर वर्षे लागली. प्रतिकारक वाण हाच दोन्ही रोगांवरील खरा उपाय ठरला. मरप्रतिकारक 'मारुती' (आयसीपी 8863) 1986 मध्ये आणि दोन्ही रोगांना प्रतिकारक 'आशा' (आयसीपीएल 87119) 1993 मध्ये प्रसारित झाला. महाराष्ट्रात बदनापूरच्याच बीएसएमआर 736 आणि बीएसएमआर 853 या वाणांनी मोठे क्षेत्र व्यापले. शेंगा पोखरणाऱ्या अळीविरुद्ध मात्र लागवडीच्या तुरीत तेवढा पक्का प्रतिकार सापडलेला नाही.

जे परपरागण शुद्ध वाणांना त्रासदायक ठरले, त्याचाच उपयोग संकरित वाणांसाठी करून घेता आला. इक्रिसॅटच्या हैदराबादजवळील पाटनचेरू येथील संग्रहात 1974 मध्ये जनुकीय नरवंध्यत्व असलेली, म्हणजे जनुकामुळे सुपीक पराग न देणारी, झाडे आढळली आणि 1991 मध्ये आयसीपीएच 8 हा संकरित वाण प्रसारित झाला. कोणत्याही कडधान्यातील तो जगातला पहिला व्यापारी संकरित वाण होता. परंतु या पद्धतीत मादी ओळीतील, म्हणजे जिच्यावर संकरित बी धरायचे त्या ओळीतील, निम्मी झाडे सुपीक निघतात आणि ती फुलताना एकेक तपासून उपटावी लागतात. एवढी मजुरी बियाणे उत्पादकांना परवडली नाही आणि हा संकरित वाण मागे पडला. मग कोशिकाद्रव्यी नरवंध्यत्वाचा शोध सुरू झाला. रानटी जातीच्या कोशिकाद्रव्यात, म्हणजे पेशीतील केंद्रकाबाहेरच्या द्रव्यात, लागवडीच्या तुरीचे केंद्रक पुन्हापुन्हा संकर करून बसवले, तर काही जोड्यांत पराग तयार होत नाहीत. के. बी. सक्सेना आणि सहकाऱ्यांनी कॅजॅनस कॅजॅनिफोलियसपासून मिळवलेली 'ए4' प्रणाली स्थिर ठरली, तिच्यासाठी जननक्षमता परत आणणारे नरवंशही विपुल मिळाले आणि त्यावर आधारलेला आयसीपीएच 2671 हा संकरित वाण 2010 मध्ये मध्य प्रदेशात प्रसारित झाला. तुरीच्या सर्वांत जवळच्या रानटी जातीनेच हा मार्ग खुला केला.

संकरित बियाण्याची शुद्धता तपासण्याची एक युक्ती विशेष उल्लेखनीय आहे. काही झाडांच्या पर्णिका टोकाशी रुंद व खाचदार, म्हणजे उलट्या हृदयाच्या आकाराच्या असतात आणि हा गुण अप्रभावी आहे. तो मादी वंशात घातला की खऱ्या संकरित रोपाची पाने नेहमीसारखी भाल्याच्या आकाराची येतात, तर मादी वंशाची भेसळ रोपावस्थेतच नुसत्या डोळ्यांनी ओळखू येते. प्रयोगशाळेची गरज न लागणारी ही कसोटी बियाणे उत्पादकाच्या बांधावर उपयोगी पडते. तरीही संकरित तुरीचा प्रसार अपेक्षेएवढा झालेला नाही. मादी ओळीवर बी धरणे सर्वस्वी कीटकांवर अवलंबून असते आणि ज्या शिवारात मधमाश्या कमी, तिथे उत्पादन अनिश्चित राहते.

'आशा' या वाणाचा जनुकसंच राजीव वार्ष्णेय यांच्या नेतृत्वाखालील आंतरराष्ट्रीय गटाने उलगडला आणि त्याचे निष्कर्ष 2011 मध्ये जाहीर झाले. त्याच वर्षी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या संस्थांमधील शास्त्रज्ञांनीही याच वाणाचा स्वतंत्र मसुदा प्रसिद्ध केला. आंतरराष्ट्रीय गटाने सुमारे 833 दशलक्ष आधारजोड्यांच्या (डीएनएच्या घटकजोड्यांच्या) जनुकसंचात 48,680 जनुकांचे अनुमान केले आणि अवर्षण सोसण्याशी संबंधित जनुककुलांची या पिकाच्या माणसाळण्यात भूमिका असावी असे सुचवले. माणसाळताना जे गुण मागे राहिले ते रानटी जातींतून परत आणण्याचे काम आज चालू आहे. दाट लवेच्या शेंगांमुळे अळीला अटकाव करणारी कॅजॅनस स्कॅराबिऑइडिस ही जात तुरीशी थेट संकरित होते. कॅजॅनस प्लॅटिकार्पस मात्र थेट संकराला दाद देत नाही. तिच्या संकरातील भ्रूण शेंगेतच मरतो, म्हणून तो वेळीच काढून पोषक माध्यमावर वाढवावा लागतो. पाटनचेरूच्या जनुकपेढीत तुरीचे 13 हजारांहून अधिक नमुने जतन केलेले आहेत आणि या रानटी जातींचे बीही तिथेच, थंड कक्षांत, पुढच्या संकरांसाठी ठेवलेले आहे.