नवोदयचा अर्ज पाचवीत, पण पात्रता तिसरीपासून

पोर पाचवीत गेलं, गुरुजी म्हणाले "हुशार आहे, नवोदयला बसवा", की घरात धावपळ सुरू होते. नवोदय म्हणजे केंद्र सरकारची निवासी शाळा, पाचवीत प्रवेश परीक्षा देऊन सहावीला प्रवेश मिळतो. सांगली जिल्ह्याचं जवाहर नवोदय विद्यालय पलूसला आहे, साताऱ्याचं खावलीला. सहावीला जास्तीत जास्त ८० मुलं घेतात. राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं मोफत. नववीपासून दरमहा ६०० रुपये विकास निधी असतो, तोही मुलींना, अनुसूचित जाती-जमातींना आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांना माफ. सांगली जिल्ह्यातल्या जतसारख्या कोरडवाहू भागातल्या घराला याचं मोल काय, हे मी शिक्षक म्हणून जवळून पाहतो. म्हणूनच हुशार मूल कागदावर अडलं की जीव तुटतो.

किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात, बाकीच्या सगळ्यांना गुणवत्तेवर खुल्या. पण ग्रामीण कोण, हे तुमचं घर कुठे आहे यावरून ठरत नाही. तिसरी, चौथी आणि पाचवी, तिन्ही वर्षं पूर्ण ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत झालेली हवीत. यातला एक दिवस जरी शहरातल्या शाळेत गेला, तरी मूल शहरी धरलं जातं. चौथीला "जरा चांगला क्लास मिळेल" म्हणून सांगलीत मामाकडे ठेवलेली मुलं इथेच मागे पडतात. तो निर्णय घेण्याआधी हा नियम माहीत असू द्या.

पाचवी ज्या जिल्ह्यात शिकतो त्याच जिल्ह्याच्या नवोदयला बसता येतं, आणि राहणंही तिथलंच लागतं. जतच्या मुलाने पाचवी कर्नाटकातल्या विजापुरात केली तर पलूसचा अर्ज चालत नाही. वयाची चौकट ठरलेली असते: २०२६-२७च्या प्रवेशासाठी जन्म १ मे २०१४ ते ३१ जुलै २०१६ या काळातला हवा होता, दर वर्षी ती एक वर्षाने पुढे सरकते. परीक्षा आयुष्यात एकदाच. पाचवीत पुन्हा बसवून दुसरी संधी मिळत नाही.

अर्ज साधारण जून-जुलैत नवोदय विद्यालय समितीच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा, फी नाही. मुलाचा फोटो, मुलाची आणि पालकांची सही, आधार किंवा रहिवासी दाखला आणि मुख्याध्यापकांचं प्रमाणपत्र लागतं. प्रमाणपत्राचा नमुना तिथूनच छापून घ्यायचा. त्यावर तिन्ही वर्षांच्या शाळा आणि ग्रामीण की शहरी हे लिहून मुख्याध्यापकांची सही-शिक्का होतो.

हा कागद घेऊन शाळेत जाल तेव्हा जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेतली मुलांच्या नोंदींची वही, उघडायला सांगा. आधारवरचं नाव आणि जन्मतारीख त्यातल्या मुलाच्या नोंदीशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. एकीकडे 'सार्थक', दुसरीकडे 'सार्थ' असं सर्रास सापडतं. मुदत संपल्यावर दुरुस्तीसाठी काही दिवस मिळतात, पण त्यात फक्त लिंग, प्रवर्ग, ग्रामीण-शहरी, दिव्यांगत्व आणि परीक्षेचं माध्यम बदलता येतं. नाव आणि जन्मतारीख नाही. आमच्याकडच्या एका मुलीचा फॉर्म नेट कॅफेत घाईने भरला गेला, जन्माचं वर्ष चुकलं आणि पुढचे दोन महिने तिच्या वडिलांनी नुसते हेलपाटे घातले.

इतर मागास प्रवर्गातून भरणार असाल तर जात केंद्राच्या यादीत हवी आणि दाखलाही केंद्राच्या नमुन्यातला हवा. राज्याच्या दाखल्यावर विसंबून राहू नका. तहसीलमधून हा वेगळा काढायला वेळ लागतो.

परीक्षा मराठीतून देता येते. दोन तास, ८० प्रश्न, १०० गुण. बुद्धिमत्तेचे एकट्याचे ४० प्रश्न आणि ५० गुण, उरलेले अंकगणित व भाषेचे निम्मे निम्मे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही गोल रिकामा ठेवायचा नाही, हे मुलाला आधीच सांगून ठेवा.



यादीत नाव लागलं की मूळ कागद तपासतात: जन्माचा दाखला, रहिवासी दाखला, तिसरी ते पाचवीची प्रमाणपत्रं, जातीचा दाखला, वैद्यकीय प्रमाणपत्र. तोवर मुलाला आहे त्या शाळेतच बसू द्या आणि प्रवेश पक्का झाल्याशिवाय शाळा सोडल्याचा दाखला काढू नका.