परिशिष्टातलं गणित फळ्यावर कसं आलं

पदवीपर्यंत मागणी-पुरवठ्याच्या आकृत्यांवर निभावून नेलेला विद्यार्थी सूक्ष्म अर्थशास्त्राच्या, म्हणजे ग्राहक, कंपन्या आणि किमतींच्या अभ्यासाच्या, पदव्युत्तर वर्गात येतो आणि पहिल्याच आठवड्यात फळ्यावर गृहीतकं, प्रमेयं, सिद्धता सुरू होतात. आपण किमतींबद्दल शिकायला आलो की गणित, असं वाटतंच. हे कायम असं नव्हतं.

अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल स्वतः केंब्रिजचे निष्णात गणिती. तरी १८९०च्या ‘प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स’ या ग्रंथात त्यांनी आकृत्या तळटीपांत आणि समीकरणं परिशिष्टात ढकलली. १९०६मध्ये संख्याशास्त्रज्ञ आर्थर बाउली यांना पत्रातून त्यांनी पद्धतच सांगितली: गणित लघुलिपीसारखं वापरा, निष्कर्ष इंग्रजीत उतरवा, व्यवहारातली उदाहरणं द्या, मग गणित जाळून टाका. उदाहरणं सापडली नाहीत, तर ते इंग्रजीही जाळा!

गणित जळलं नाही. फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ लिओन वालरास यांनी १८७४मध्येच सगळ्या बाजारांचा एकत्र समतोल, म्हणजे प्रत्येक बाजारात मागणी आणि पुरवठा जुळणं, समीकरणांत मांडायला घेतला होता. किंमत बदलली की ग्राहकाची मागणी कशी बदलते, यावरचा स्लुट्स्की या रशियन अभ्यासकाचा १९१५चा लेख एका इटालियन नियतकालिकात, ऐन महायुद्धात छापला गेला आणि जवळपास वीस वर्षं पडून राहिला. हिक्स आणि ॲलन हे ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ १९३४मध्ये स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षापाशी पोचले. आज स्लुट्स्की समीकरणाशिवाय या विषयाची प्रश्नपत्रिका पुरी होत नाही.

१९४७मध्ये अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ सॅम्युएलसन यांनी आपल्या ग्रंथात गणित परिशिष्टातून थेट मजकुरात आणलं. १९५४मध्ये ॲरो आणि डब्रे यांनी ठरावीक अटींखाली वालरास यांचा समतोल अस्तित्वात असतोच, हे सिद्ध केलं. मला तरी या कथेतलं खरं वळण त्यानंतरचं वाटतं. १९७२ ते १९७४ दरम्यान सोननशाइन, मँटेल आणि खुद्द डब्रे यांनी दाखवलं, की प्रत्येक ग्राहक कितीही विवेकी असला तरी बाजाराची एकूण मागणी जवळजवळ कोणताही आकार घेऊ शकते. म्हणजे समतोल असेल, पण तो एकच असेल किंवा टिकेल याची हमी नाही. यानंतर अनेकांचा ओढा गेम थिअरी (एकमेकांच्या चाली लक्षात घेऊन घेतलेल्या निर्णयांचा अभ्यास) आणि माहितीच्या अर्थशास्त्राकडे (एका बाजूला दुसरीपेक्षा जास्त माहिती असली तर काय होतं, त्याचा अभ्यास) वळला. या दुसऱ्या शाखेतला, जुन्या मोटारींच्या बाजारावरचा अर्थशास्त्रज्ञ अकरलॉफ यांचा लेख तीन नियतकालिकांनी परत पाठवल्यावर १९७०मध्ये छापून आला होता. त्यांना २००१मध्ये इतर दोघांसोबत मिळालेल्या नोबेलमागे तोच लेख होता.

मास-कोलेल, व्हिन्स्टन आणि ग्रीन यांच्या १९९५च्या जवळपास हजार पानी पाठ्यपुस्तकात हे सगळे थर एकत्र आले. डब्रे मंडळींचं ते अडचणीचं प्रमेय त्यात सतराव्या प्रकरणात आहे. बहुतेकदा तिथवर पोचायच्या आतच सत्र संपतं.