आरटीईत नंबर लागतो, मग पडताळणीत अर्ज बाद का होतो?

आरटीईची, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातल्या राखीव जागांची सोडत लागली की पहिले दोन दिवस पेढ्यांचे आणि पुढचे आठ दिवस रडारडीचे. नंबर लागलेलं मूल पडताळणीच्या टेबलावर बाद होतं, आणि पुण्यात त्याला बऱ्याचदा कारण असतं भाडेकरार.

मूळ नियम साधा आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १२ नुसार विनाअनुदानित खासगी शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या. अल्पसंख्याक शाळा यात येत नाहीत. अर्ज ऑनलाइन भरायचा आणि जास्तीत जास्त दहा शाळा निवडायच्या.

एससी, एसटी, भटके-विमुक्त, ओबीसी आणि एसबीसी (विशेष मागास) प्रवर्गाला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. तरीही लोक दाखले देणाऱ्या सेतू केंद्राच्या रांगेत दिवस घालवतात. या प्रवर्गांना वडिलांचा किंवा मुलाचा जातीचा दाखला पुरतो, मात्र तो महाराष्ट्रातलाच हवा. बिदर-गुलबर्ग्याकडून कामाला आलेल्यांची इथेच अडचण होते, कारण गावाकडचा दाखला चालत नाही. त्यांनी आणि खुल्या प्रवर्गातल्यांनी दुर्बल घटकातून अर्ज करावा. तिथे वार्षिक उत्पन्न १ लाखाच्या आत असल्याचा दाखला लागतो.

आता भाडेकरार. स्वतःच्या नावावर लाइट बिल किंवा घरपट्टी असेल तर हा परिच्छेद सोडा. पण धायरी, आंबेगाव, वाघोलीत भाड्याने राहणाऱ्याकडे यातलं काही नसतं आणि आधार कार्डावर पत्ता गावचा. घरमालक पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून मोकळा होतो. तो कागद समितीपुढे शून्य. करार दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला, किमान अकरा महिन्यांचा आणि अर्ज भरण्याच्या आधीचा हवा. मागे एक ताई प्लास्टिकच्या पिशवीत सगळे कागद नीट घडी घालून घेऊन आल्या. करार नोंदवलेला होता, शिक्काही होता, फक्त तारीख अर्जानंतर चार दिवसांची. टेबलामागच्या माणसाने बोट तारखेवर ठेवलं आणि फाइल परत सरकवली. घरमालकाने ‘पुढच्या आठवड्यात करू’ म्हटलं होतं, एवढंच. त्यामुळे अर्जाची जाहिरात येण्याची वाट बघू नका. दिवाळी झाली की घरमालकाच्या मागे लागा. ऑनलाइन नोंदणीत त्याला कचेरीत जावंही लागत नाही, हे त्याला सांगा.

दुसरी चूक नकाशावरची. नेट कॅफेतला मुलगा अर्ज भरताना घराची जागा दाखवणारा लाल फुगा घाईत कुठेही टेकवतो. घर धायरीत आणि फुगा नऱ्ह्यात! अंतरावरूनच शाळा ठरते: आधी एक किलोमीटरच्या आतल्या, मग तीनपर्यंतच्या. फुगा चुकला तर नंबर लागूनही प्रवेश जातो. शेजारी बसून स्वतःची गल्ली दिसेपर्यंत नकाशा मोठा करायला लावा. आणि नंबर लागण्याची शक्यता वाढेल म्हणून एकाच मुलाचे दोन अर्ज भरू नका, दोन्ही बाद होतात.

नंबर लागल्यावर थेट शाळेत जायचं नाही. आधी पडताळणी समिती, मग शाळा. एसएमएसवर विसंबू नका, पोर्टलवर अर्जाची स्थिती रोज बघा. मुदत गेली की तुमची जागा प्रतीक्षा यादीतल्या मुलाला जाते.

समितीने मान्य केलं आणि तरी शाळेच्या फाटकावरचा वॉचमन ‘मॅडम नाहीत’ म्हणत चार दिवस फिरवतो, किंवा आत गेल्यावर अ‍ॅक्टिव्हिटी फीची पावती पुढे येते. पालक तिथेच भांडतात आणि घरी येतात. तोंडी भांडणाची नोंद कुठेच होत नाही. कलम ३२ प्रमाणे लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे करायची. पुणे शहरात ते म्हणजे महापालिका. दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचं बंधन तिच्यावर आहे, आणि तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची मुलाखत घेतली असेल तर कलम १३ चा उल्लेख करा. त्यात पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत दंड आहे, पुढच्या प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत. हा आकडा तक्रारीत लिहिला की टेबलापलीकडचा सूर बदलतो, असा माझा अनुभव आहे.

तक्रारीच्या दोन प्रती न्या. एक त्यांना द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. ‘ठेवून जा, बघतो’ म्हणाले तरी पोच घेतल्याशिवाय हलू नका. आणि जेवणाच्या सुट्टीआधी पोहोचा, नंतर शिक्का कपाटात आणि किल्ली दुसऱ्याच कुणाकडे असते.